लिंडनच्या झाडामागचा हात

ओटिलिया हेर्शचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. त्याला तिचा स्वभाव कारण होता तितकाच तिचा धंदाही. स्वित्झर्लंडमधल्या आमच्या आपेन्झेलच्या मुली ज्या वयात बाहुल्या खेळतात त्या वयात तिच्या हाती भरतकामाची सुई आली, ती पन्नाशी उलटली तरी सुटली नव्हती. लग्नाचे रुमाल, टेबलक्लॉथ, बाप्तिस्म्याची अंगडी, सगळं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं. कुणी बाई आपलं काम दाखवायला घेऊन आली की ओटिली ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि तोंडभर कौतुक करता करता हळूच उलटं करायची. सुलट बाजूनं सगळ्याच सोज्वळ दिसतात, असं तिचं म्हणणं. गाठी, तुटके धागे, घाईनं मारलेले टाके, सगळी पापं पाठीमागे. अंडी घेताना ती एकेक उजेडात धरून पाहायची. पोस्टमन जरा जास्त हसला तर पाकिटाचा डिंक तपासायची. पाद्रीबाबांनी प्रवचनात ‘आपल्यातल्या काही बायका’ म्हटलं, की त्या कोण हे दुपारच्या जेवणाआधी तिला कळलेलं असायचं, आणि जेवणानंतर सगळ्या गल्लीला.

तिचा नवरा अल्फोन्स, म्हणजे फोन्स, अगदी उलट. दुधाच्या लाकडी बादल्या आणि लोण्याची भांडी घडवणारा सुतार. अंगानं अस्वल आणि बोलण्यात गोगलगाय. त्याला खोटं बोलता येत नाही हे जगजाहीर होतं. तशी वेळ आली की तो मांजराकडे बघायचा, आणि मांजर बाहेर गेलेलं असेल तर ते एरवी जिथे बसतं त्या जागेकडे. अशा माणसाशी संसार करायला संशयी बाईला काय अडचण? सत्तावीस वर्षं ओटिलीनं जगावर पहारा ठेवला आणि घरात मात्र निर्धास्त झोपली.

या घरात एक तलवार होती. ओटिलीच्या वडिलांची. आमच्याकडे तलवार लढायला नसते, मत द्यायला असते. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी कँटनचे, म्हणजे आमच्या प्रांताचे, पुरुष काळे कोट चढवून, कमरेला तलवार लावून चौकात दोरीच्या आत उभे राहतात आणि एकेका प्रश्नावर उघड्यावर हात वर करून काय तो निकाल लावतात. तलवार हीच मतदाराची खूण; ती दिसली की दोरीपाशी पहाऱ्याला असलेला माणूस बाजूला होतो. ती बापाकडून मुलाकडे जाते. ओटिलीच्या वडिलांना मुलगा नव्हता, एवढी एक मुलगी. तेव्हा त्यांनी लग्नाच्या दिवशी ती जावयाच्या हातात ठेवली. फोन्स सात भावांतला सहावा. त्याच्या घरची तलवार थोरल्याकडे गेलेली, त्यामुळे तोवर तो लष्करातली संगीन लावून जायचा. त्या दिवशी म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नवरीकडे बघून आलेलं नव्हतं.

ओटिलीला मत नव्हतंच असं नाही. १९७१ पासून देशाच्या कारभारावर तिला मत होतं. लष्करानं काय विकत घ्यावं हे तिला विचारलं जायचं. १९८१ साली पुरुष आणि स्त्री समान हक्काचे, असं देशाच्या घटनेत लिहावं की नाही हेही तिला विचारलं गेलं आणि तिनं लिहा म्हणून सांगितलं. फक्त स्वतःच्या कँटनचा प्रश्न आला की ती दोरीच्या बाहेर. बायकांना आत घ्यावं का, हे आमच्या पुरुषांना दोनदा विचारून झालं होतं आणि दोनदा त्यांनी नको म्हटलं होतं. १९९० च्या एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा विचारायचं ठरलं.

आदल्या आठवड्यात ओटिलीनं तलवार घासली, मूठ चकचकीत केली, आणि मूठ पुसता पुसता फोन्सला विचारलं की यंदा काय. फोन्स म्हणाला, ते काय विचारायचं? त्याचं मत तेच जे तिचं. मांजर चुलीपाशी होतं आणि फोन्स त्याच्याकडेच बघत होता; पण ते तेव्हा शिंकत होतं, म्हणून ओटिलीनं तिकडे लक्ष दिलं नाही. नंतर तिला या शिंकेचा फार पस्तावा झाला.

रविवारी ती दोरीपाशी कारंज्याजवळ जाऊन उभी राहिली, कारण सत्तावीस वर्षं फोन्स आत कारंज्याच्या अंगालाच उभा राहत आला होता. यंदा तिथे तो नव्हता. तिनं मान लांब केली, टाचा उंचावल्या, शेजारच्या वेरेना कोस्टरच्या खांद्यावर रेलून पाहिलं. शेवटी तिला त्याची हॅट दिसली, चौकाच्या दुसऱ्या टोकाला, लिंडनच्या झाडामागे. बुंधा असा मधे आलेला की हॅटचं पीस तेवढं दिसावं. ती वळसा घालून तिकडे पोचेपर्यंत मंचावरून प्रश्न विचारून झाला होता. ‘हो’चे हात वर जाऊन खाली आले होते. मग ‘नाही’चे हात गेले, आणि चौकात जणू रान उगवलं; त्यात फोन्सचा हात आहे की नाही हे तिला दिसेना. मोजायचीही गरज पडली नाही.

फोन्स घरी आला तो क्रेम्फ्लीचे दोन पुडे घेऊन. क्रेम्फ्ली म्हणजे आत हेझलनटचं सारण भरलेल्या करंज्याच. त्या रविवारी प्रत्येक पुरुष चौकातून बायकोसाठी एक पुडा घेऊन येतो. एक. सत्तावीस वर्षांत ओटिलीला दुसरा पुडा कधी दिसला नव्हता. तिनं दोन्ही पुडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि उकडलेलं सॉसेज नि चीजमधली मॅकरोनी वाढता वाढता विचारलं की कारंजं सोडून झाडामागे का. ऊन होतं, फोन्स म्हणाला. आभाळ तर भरलं होतं. येईल असं वाटलं होतं, फोन्स म्हणाला.

“हात वर केलास?”

“केला की.”

“कधी?”

“करायचा तेव्हा.”

“‘हो’च्या वेळी?”

“मग काय तर,” फोन्स म्हणाला, आणि मांजराला विचारल्यासारखा पुढे म्हणाला, “मोहरी नाही का आज?”

मोहरीची बरणी त्याच्या ताटाला खेटून उभी होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फोन्सचा हात ‘नाही’ला वर गेला असता आणि त्यानं ते तोंडावर सांगितलं असतं, तर ओटिली त्याच्याशी महिनाभर भांडली असती, दोन ताटं फोडली असती आणि मग विसरली असती. तिचा नवराच काय, तिच्या वडिलांनीही आयुष्यभर बायकांना दोरीबाहेरच ठेवलं होतं. पण खोटं? सगळ्या जगात एक माणूस तिनं न तपासता घेतला होता. तोच जर लबाड निघाला तर गेल्या सत्तावीस वर्षांतलं आणखी काय काय उजेडात धरून पाहायचं? त्या रात्री ती जागी नव्हती, छान झोपली. पण सकाळी उठली ती चौकशीला लागायचं ठरवून.

आधी तिनं बायकांना गाठलं. भरतकाम द्यायला-घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सहज म्हणून विचारायची की तुमच्या यजमानांनी काय केलं हो. प्रत्येकीचे यजमान ‘हो’ला हात वर करून आले होते. एकाचे तर दोन्ही वर होते, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. ओटिली एकेका होकाराला सुयांच्या उशीत एक टाचणी खोचत गेली. मेच्या मध्यापर्यंत सदतीस टाचण्या झाल्या आणि नकाराची एकही नाही.

“मग ‘नाही’ म्हणालं कोण?” तिनं वेरेनाला विचारलं. “गाई?”

वेरेना म्हणाली, तिचा नवरा फ्रिडोलिन फोन्सच्या अगदी शेजारी उभा होता, त्यालाच विचार. फ्रिडोलिन कोस्टर खोगिरं आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटांचे पट्टे शिवायचा, तोंडानं मोठा तिखट. ओटिली दुकानात शिरताच त्यानं सुईत दोरा ओवायला घेतला, आणि ती दुकानात असेपर्यंत तो दोरा काही ओवला गेला नाही. तो म्हणाला, त्या क्षणी तो डोळे मिटून प्रार्थना करत होता. कशासाठी, तिनं विचारलं. देशासाठी. मग स्वतःचा हात कधी वर करायचा हे डोळे मिटून कसं कळलं? त्यावर फ्रिडोलिन म्हणाला, “वहिनी, तुम्ही मतं मागताय का कबुलीजबाब? कबुलीजबाबाला चर्च आहे ना.” पाणी कुठेतरी मुरत होतं आणि फ्रिडोलिनचे जोडे त्यात भिजलेले होते, एवढं ओटिलीला कळलं.

मग तिला वर्तमानपत्र सापडलं. शेजारच्या सेंट गॅलन शहरातल्या एका पेपरात त्या रविवारचा फोटो आला होता, एका वरच्या खिडकीतून काढलेला. धागे मोजायचं भिंग तिनं फोटोवर ठेवलं. लिंडनच्या बुंध्याच्या पलीकडे, हॅटच्या वर, एक हात. कोटाच्या कोपराला रफू. रफूचा धागा कोटाहून जरा फिका, कारण काळा संपला होता आणि तिनं गेल्या हिवाळ्यात गडद निळ्यावर भागवलं होतं. हात फोन्सचा, यात वाद नव्हता. पण कोणत्या वेळचा? फोटोखाली फक्त ‘चौकातील मतदान’ एवढंच लिहिलं होतं. आणि लिहिलं असतं तरी पेपरवर तिचा विश्वास कुठे होता?

गुरुवारी तिनं चांगली टोपी घातली आणि गाडी धरून सेंट गॅलनला गेली. फोटो काढणारा म्हातारा पेपरच्या कचेरीतच भेटला. नवऱ्याचा फोटो आठवण म्हणून हवा आहे, असं तिनं सांगितल्यावर तो विरघळला. त्याच्या फोटोंची आठवण म्हणून कुणी मागणी केल्याला बरीच वर्षं झाली असावीत. त्यानं सगळी चित्रं काढली त्या क्रमानं टेबलावर मांडली. हे मिरवणुकीचं. हे ‘हो’ विचारलं तेव्हाचं. हे ‘नाही’ विचारलं तेव्हाचं, तेच पेपरात गेलं, कारण हात जास्त म्हणजे चित्र भरलेलं. ओटिलीनं भिंग काढलं. ‘हो’च्या चित्रात झाडामागे हॅट होती आणि पीस होतं. हात नव्हता.

“कसे दिसतात यजमान?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“स्पष्ट,” ओटिली म्हणाली, आणि दोन्ही चित्रं मागून घेतली.

घरी येऊन ती फोन्सच्या तोंडावर ती चित्रं फेकील, असं कुणालाही वाटेल. तिनं ती शिवणाच्या पेटीत तळाशी ठेवली आणि संध्याकाळी फोन्सला सफरचंदाचा मुरंबा जास्त वाढला. ती वाट बघणार होती. आपणहून सांगतो का, केव्हा सांगतो, हे तिला बघायचं होतं. संशयी माणसाचं हे एक असतं, पुरावा हाती आला की तो त्याला कुलपात ठेवावासा वाटतो.

त्याच आठवड्यात वेरेना एक कागद घेऊन आली. लोझानमधल्या, देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात अर्ज करायचा होता. घटनेत समान हक्क लिहिले आहेत आणि इथे दोरी बांधली आहे, दोन्ही कसं चालतं, एवढंच त्यात विचारलं होतं. वेरेनानं सही केलेली होती आणि फ्रिडोलिनला सांगितलेलं नव्हतं. ओटिलीनं कागद मागूनपुढून पाहिला, तीनदा वाचला, एका स्वल्पविरामावर शंका काढली, आणि सही केली. फोन्सला तिनंही सांगितलं नाही. तोही सांगत नव्हता, मग तिनं का सांगावं?

कागदावरची नावं गुप्त राहतील असं म्हटलं होतं. आमच्याकडे? जूनपर्यंत ती सगळ्यांच्या तोंडी होती. एका नवरीच्या आईनं बारा रुमाल अर्धवट असतानाच परत नेले, मुलगी म्हणे आता मशीनचे घेणार. दुधवाला दूध ठेवायचा पण नमस्कार करेनासा झाला. टेलिफोन वाजायचा आणि उचलला की पलीकडे कुणी नुसता श्वास घ्यायचं. ओटिली त्या श्वासालाही ओळखायचा प्रयत्न करायची. एकदा तिनं “दम्याचं औषध घेत जा, एमिल,” म्हटलं आणि फोन तडकाफडकी ठेवला गेला.

आणि फोन्सचं वागणं आणखीच चमत्कारिक. एरवी त्याला खांद्याला धरून हलवावं लागे. तो आता पाचाला आपणहून उठायचा, खाली जायचा आणि दार हळूच लावायचा. ओटिली खाली यायची तेव्हा तो चुलीपाशी कॉफी घेत साळसूद बसलेला असायचा. दाराबाहेरची पायरी मात्र ओली. पाऊस नसतानाही ओली. पहाटे कोण येऊन जातं? याला कोण भेटतं? पायरीवर उभं राहून असं काय बोलणं असतं की मग ती धुवावी लागावी? तिनं पायरी वाकून हुंगली. नुसता साबण. साबणावर तिचा कधीच विश्वास नव्हता. स्वच्छ दारात साबण कशाला लागतो?

उन्हाळा गेला, गाई डोंगरावरून खाली आल्या, आणि त्या घरात दोन माणसं एकमेकांना जास्त जास्त वाढत राहिली. फोन्सनं तिच्यासाठी दोरे ठेवायला नक्षीचा डबा घडवला. तिनं त्याला बनियन विणलं. वेरेना म्हणायची की इतकं गोड वागणारं जोडपं एकतर नुकतं लग्न झालेलं असतं नाहीतर वकिलाकडे निघालेलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जेवणाच्या वेळी, रेडिओनं सांगितलं. कोर्टानं एकमतानं ठरवलं होतं की दोरी बायकांसाठीही उघडावी, पुढच्या एप्रिलपासूनच, पुरुषांना चौथ्यांदा विचारायची गरज नाही. फोन्सनं चमचा खाली ठेवला. ओटिली उठली, शिवणाची पेटी आणली, तळातून दोन्ही चित्रं काढली आणि त्याच्या सूपाच्या दोन बाजूंना ठेवली. भिंगही ठेवलं. फोन्सला भिंगाची गरज पडली नाही.

मांजर शेजारच्या खुर्चीवर होतं; फोन्सनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

“कधीपासून आहेत ही तुझ्याकडे?”

“मेपासून.”

“आणि मला मुरंबा वाढत होतीस?”

“तू बोलायची वाट बघत होते. सहा महिने झाले, फोन्स. बर्फ पडायला लागलं.”

मग फोन्स बोलला. सत्तावीस वर्षांत त्यानं एका दमात एवढं कधी सांगितलं नसेल. बायकांनी आत येऊ नये असं त्याला वाटत नव्हतं. येईनात का, वेरेना फ्रिडोलिनपेक्षा शहाणीच आहे. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. तलवार ओटिलीच्या बापाची. ओटिलीला आत यायचा हक्क मिळाला की ती तलवार खरं तर तिची. मग तो कशानं आत जाणार, लष्करातल्या संगिनीनं? सहावा मुलगा म्हणून आयुष्यभर ज्याला उरलेलं मिळालं, त्याला एवढी एक वस्तू मिळाली होती. चौकात उभा असतानाही त्याचं ठरत नव्हतं. ‘हो’ म्हणून पुकारलं तेव्हा त्यानं हात तलवारीच्या मुठीवर ठेवला, आणि तो तिथून निघेना. ‘नाही’च्या वेळी तो आपोआप वर गेला.

“आपोआप काही वर जात नाही,” ओटिली म्हणाली.

“नाही. मीच केला.”

“आणि मला खोटं सांगितलंस.”

“तेही मीच केलं.”

ओटिलीनं ऐकून घेतलं. तिला दया आली, आणि तिनं ती लपवली, कारण इतक्यात दाखवायची नव्हती. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं ती तलवार तिनं घासली आहे; ती कमरेला लावून चालायची हौस असती तर स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात कधीच लावून पाहिली असती. तिला मत हवं होतं, तलवार ज्याला हवी त्यानं घ्यावी. एवढं जर त्यानं एप्रिलमध्ये विचारलं असतं तर? हे म्हणत असताना तिला स्वतःचीही टोचणी लागली होती, आणि हिशेब चुकता केलेला बरा म्हणून तिनं अर्जावरच्या सहीचं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” फोन्स म्हणाला.

“कधीपासून?”

“जूनपासून. गुत्त्यात नावं वाचून दाखवली कुणीतरी.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, ती आमची ओटिलिया हेर्श नव्हे. वृद्धाश्रमात एक आहे, ती असेल.”

वृद्धाश्रमात खरोखरच एक ओटिलिया हेर्श होती, शहाऐंशी वर्षांची, दोन्ही कानांनी बहिरी. आमच्याकडे आडनावं दहा-बारा आणि नावं त्याहून थोडी, त्यामुळे एका माणसावरचा राग दुसऱ्याच्या पत्त्यावर सहज जातो. अर्ध्या गावानं फोन्सचं खरं मानलं होतं. उन्हाळाभर त्या म्हातारीला निनावी शिव्यांची पत्रं येत होती. वीस वर्षांत तिला कुणी पत्र लिहिलं नव्हतं. ती ती पत्रं सिस्टरकडून मोठ्यांदा वाचून घ्यायची, ऐकू येत नसलं तरी, आणि आपण नक्की काय केलं हे कुणालाही न विचारता मान डोलावून म्हणायची की पुन्हा करीन.

उरलेल्या अर्ध्या गावानं ते मानलं नव्हतं. ते लोक पहाटे ओटिलीच्या दारात शेण टाकून जायचे.

“पायरी,” ओटिली म्हणाली.

“हं.”

“रोज?”

“रविवारी नाही. रविवारी ते चर्चला जातात.”

सूप गार झालं होतं. ओटिलीनं ते परत पातेल्यात ओतलं आणि तापवायला ठेवलं. पाठ फिरवून ती म्हणाली की लबाड्या एकूण तीन झाल्या. एक हाताची. ती तिला अजून पचलेली नाही आणि लवकर पचणार नाही. दुसरी म्हातारीची, तिच्यासाठी वृद्धाश्रमात केक घेऊन जायचा, आणि तो फोन्सनं न्यायचा. तिसरी पायरीची. तिच्यासाठी तिनं फोन्सच्या वाडग्यात सूप जरा जास्तच ओतलं, टेबलावर सांडेपर्यंत.

तिनं त्याला माफ केलं की नाही, यावर हिवाळाभर गल्लीत दोन पक्ष होते. माफ केलं म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की ती त्याच्याबरोबर पाचाला उठून पायरी धुवायला लागली आहे. केलं नाही म्हणणारे म्हणायचे की ती पायरी धुवायला उठत नाही, तो काय करतो ते बघायला उठते. दोन्ही खरं होतं. पायरी दोघं मिळून धुवायचे आणि ती मधूनच त्याच्याकडे तिरका डोळा टाकायची. विश्वास ठेवायचं तिनं पुन्हा सुरू केलं होतं, पण आता मोजून.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फोन्सनं काळा कोट घातला. ओटिलीनं त्याच्या कमरेला तलवार लावली, पट्टा एक भोक मागे घेतला, कारण मुरंब्यानं त्याचं पोट सुटलं होतं. तिच्या हातात मताचं कार्ड होतं. दोरीपाशी पोचल्यावर तिथल्या माणसानं फोन्सची तलवार पाहून वाट दिली आणि ओटिलीचं कार्ड मात्र घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. एरवी तिला असला माणूस आवडला असता. “छापील आहे,” ती म्हणाली, “मी सुईनं भरलेलं असतं तर पाठीमागूनही नीट असतं.” तो हसला नाही, पण बाजूला झाला.

आत गर्दी होती. काही पुरुष बायकांना बघून दुसऱ्या टोकाला सरकत होते आणि तिथेही बायका होत्या. वेरेना आली होती. फ्रिडोलिन तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून आपण एकटेच आलो आहोत असं दाखवत होता. फोन्सनं कारंज्याकडे पाहिलं, मग लिंडनकडे, आणि मग ओटिलीला विचारलं की कुठे उभं राहायचं.

“तू माझ्यापुढे,” ती म्हणाली. “एक पाऊल. उजवा हात मोकळा ठेव.”

“अजून विश्वास नाही?”

“आहे ना. पुढे हो.”

तो पुढे झाला. शपथेला सगळ्यांनी तीन बोटं वर केली. ओटिलीनं आपली मोजून वर केली. मग पहिला प्रश्न आला, नदीवरच्या नव्या पुलाचा. फोन्सला पूल हवा होता. लाकूड कोणतं वापरणार यावर तो आठवडाभर बोलत होता. ओटिलीनं सरकारी पुस्तिका तीनदा वाचली होती, आणि सतराव्या पानावर तिला असं काही खटकलं होतं की सगळा पूलच संशयास्पद वाटत होता. ‘हो’ म्हणून पुकारलं गेलं. फोन्सचा हात वर गेला, लगेच, सरळ, तिच्या नाकासमोर, कोपरावरच्या रफूसकट. तिनं तो नीट बघून घेतला. स्वतःचा हात खालीच ठेवला.

मग ‘नाही’ पुकारलं, आणि तिनं हात वर केला. खांद्यापासून, बोटं जुळवून, जेवढा जाईल तेवढा.

आता पंचाईत झाली ती फोन्सची. ती मागे होती. तिच्या बाहीची सळसळ त्याला ऐकू आली असावी, किंवा वेरेनाचं खुसखुसणं. तो तलवारीसकट अर्धा वळला, हॅट कलली, मान वाकडी झाली.

“मागे काय बघतोस?” ओटिली म्हणाली. “मोजणी चालू आहे. पुढे बघ.”

फोन्सनं पुढे पाहिलं. मंचावरून हात खाली घ्या म्हणून दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते बहुधा तिच्यासाठीच.